ऑर्तेझचा गास्तों फेब्यूस: अद्भुतकथा लिहिताना त्याचा गुन्हा कुणाच्या माथी मारायचा?

पानगळ

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक दीर्घकथा लिहीत आहे आणि तिच्यातल्या एका प्रसंगाशी अडून बसले आहे, म्हणून हा धागा. इतिहास आणि अद्भुत यांची सांगड घालून लिहिणाऱ्या किंवा असे लेखन मनापासून वाचणाऱ्या सर्वांचे मत मला हवे आहे.

माझा नायक चौदाव्या शतकातला फ्रेंच उमराव आहे. गास्तों तिसरा, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या फ्वा परगण्याचा काउंट आणि बेआर्नचा व्हायकाउंट, जन्म 1331. वडील 1343 मध्ये वारले तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पुढे त्याने स्वतःला फेब्यूस, म्हणजे सूर्यदेवाचे नाव घेतले आणि आयुष्यभर त्याच नावाने सह्या केल्या. फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे शतकभर चाललेल्या युद्धात गुंतलेले असताना याने 1347 मध्ये फ्रान्सच्या राजाच्या प्रतिनिधीला सरळ सांगितले, की बेआर्न मी देवाकडून धारण करतो, जगातल्या कोणत्याही माणसाकडून नाही. तेव्हा त्याचे वय सोळा होते. 1362 च्या डिसेंबरात लोनाकच्या लढाईत त्याने आपला पिढीजात शत्रू, आर्मान्याकचा काउंट, याला अनेक सरदारांसह कैद केले आणि त्यांच्या सुटकेसाठी इतकी खंडणी घेतली की बेआर्नमधल्या ऑर्तेझ या त्याच्या राहत्या गावातल्या मोंकाद बुरुजातला त्याचा खजिना सगळ्या युरोपात बोलला जाऊ लागला. एकट्या आर्मान्याकच्या काउंटची किंमत तीन लाख फ्लोरिन ठरली होती.

त्याच्या दरबाराचे जे चित्र आपल्यापर्यंत पोहोचले आहे ते बखरकार फ्रुआसारने काढलेले आहे. फ्रुआसार 1388 च्या नोव्हेंबरात चार शिकारी कुत्री भेट घेऊन ऑर्तेझला आला. त्यांची नावे त्रिस्तां, हेक्तोर, ब्रें आणि रोलां अशी होती, आणि त्यांतली बहुतेक नावे वीरकथांमधली आहेत. फेब्यूस दुपारी उशिरा उठत असे आणि मध्यरात्री जेवत असे. त्याच्या मेजासमोर बारा सेवक बारा पेटत्या मशाली धरून उभे राहत. त्या उजेडात फ्रुआसार रोज रात्री आपले पद्यकाव्य वाचून दाखवी आणि तो वाचत असताना कुणी अवाक्षर काढत नसे. अद्भुतकथा लिहिणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

तरी याहून अधिक आहे. फेब्यूसच्या मुलखातला रेमों नावाचा एक जहागीरदार, कोरासचा, त्याच्याकडे ओर्तों नावाचे एक अदृश्य भूत येत असे. चर्चच्या दशमांशावरून झालेल्या तंट्यात ज्या धर्मगुरूला रेमोंने हाकलून दिले, त्यानेच ते पाठवलेले होते. पहिल्या रात्री त्याने स्वयंपाकघरातली भांडी फोडली, दारे बडवली आणि नंतर मात्र त्याला रेमोंचा लळा लागला. रात्री येऊन ते त्याची उशी ओढी आणि इंग्लंड, जर्मनी, हंगेरी कुठलीही ताजी बातमी सांगे. रेमों त्या बातम्या फेब्यूसला कळवत असे. 1385 च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालमध्ये अल्जुबारोटाची लढाई झाली आणि तिच्यात बेआर्नचे अनेक योद्धे मारले गेले, तेव्हा प्रत्यक्ष बातमी पोहोचण्याच्या कितीतरी दिवस आधीपासून फेब्यूस खिन्न होऊन खोलीत बसला होता, असे फ्रुआसारला सांगण्यात आले. म्हणजे अद्भुत मला बाहेरून आणावे लागत नाही. ते त्या काळाच्या तोंडी आधीच आहे.

आता अडचणीचा प्रसंग. फेब्यूसने पत्नी आन्येसला 1362 च्या अखेरीस घरातून घालवून दिले होते आणि ती भावाकडे, नवारच्या राजाकडे, राहत होती. त्यांचा एकुलता एक औरस मुलगा, त्याचेही नाव गास्तों, 1380 मध्ये आईला भेटायला नवारला गेला. मामाने त्याला एक पूड दिली आणि सांगितले, की ही बापाच्या जेवणात टाक, म्हणजे त्याचे तुझ्या आईवरचे प्रेम परत येईल, मात्र कुणाला सांगू नकोस. मुलाने ती पूड एका छोट्या पिशवीत घालून गळ्यात बांधली. त्याचा अनौरस भाऊ इवें याने ती पाहिली आणि चेंडूच्या खेळात भांडण होऊन थप्पड बसल्यावर त्याने बापाला जाऊन सांगितले. त्या रात्री मुलगा वाढायला आला तेव्हा फेब्यूसला त्याच्या अंगरख्याच्या गळ्याशी पिशवीच्या दोऱ्या दिसल्या. त्याने मुलाला जवळ बोलावले, सुरीने दोऱ्या कापल्या, ताटाऐवजी वापरायच्या जाड पावाच्या कापावर ती पूड टाकली आणि कुत्र्याला घातली. कुत्र्याने डोळे फिरवले आणि ते मेले.

मुलाला बुरुजात कोंडले. त्याने अन्न सोडले. दहाव्या दिवशी सेवकाने येऊन सांगितले, की आत नेलेली ताटे जशीच्या तशी पडून आहेत. फेब्यूस त्या वेळी एका लहान सुरीने नखे साफ करीत होता. तो तसाच उठून बुरुजात गेला आणि ‘का जेवत नाहीस रे, द्रोह्या’ असे म्हणत त्याने मुलाच्या गळ्याशी हात मारला. सुरीचे टोक बोटांच्या बाहेर एका चांदीच्या नाण्याच्या जाडीएवढेच होते, पण ते शिरेत गेले. तो परत फिरला आणि मुलगा तिथेच मेला.

माझ्या पहिल्या खर्ड्यात मी इथे ओर्तोंला आणले होते. भुताने बापाचा हात हलवला, बाप शुद्धीवर आला तेव्हा मुलगा मेलेला होता. लिहिताना मला ते फार सुंदर वाटले. सहा महिन्यांनी पुन्हा वाचले तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली. मी एका बापाला, त्याने जे केले होते त्यातून, सहज सोडवून टाकले होते. आता माझे ठाम मत झाले आहे की अद्भुताला सगळे करू द्यावे, पण माणसाचा गुन्हा त्याच्या हातून काढून घेऊ देऊ नये. परंतु तो प्रसंग अद्भुताशिवाय लिहिला तर तो कथेपासून तुटतो. काय करावे?

रानवाट

पानगळ, तुमचा प्रश्न वाचून मी माझी जुनी टिपणे काढली. मी फेब्यूसकडे त्याच्या शिकारीवरच्या ग्रंथामुळे वळलो. तो त्याने 1387 च्या 1 मे रोजी लिहायला घेतला आणि बर्गंडीच्या ड्यूकला अर्पण केला. आरंभीच तो सांगतो, की आयुष्यभर मला तीन गोष्टींचा नाद राहिला, शस्त्रे, प्रेम आणि शिकार. पहिल्या दोहोंत माझ्याहून थोर लोक झाले, पण शिकारीत कुणी माझा गुरू झाला असेल असे वाटत नाही. शिकारी माणूस रिकामा बसत नाही, म्हणून त्याच्या हातून पापे घडत नाहीत, म्हणून तो थेट स्वर्गात जातो, आणि अगदी मध्यभागी नाही तरी निदान स्वर्गाच्या वेशीबाहेरच्या वस्तीत त्याला जागा मिळते, असा युक्तिवाद तो पूर्ण गांभीर्याने करतो. हे वाक्य मुलाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी लिहिले गेले आहे, हे लक्षात घेऊन पुन्हा वाचा.

त्याच ग्रंथात कुत्र्यांच्या घराचे वर्णन आहे. ते दहा वाव लांब आणि पाच वाव रुंद असावे, पुढे एक आणि मागे एक असे दार असावे, मागच्या बाजूला दिवसभर ऊन येईल असे गवताचे अंगण असावे, भिजून आलेल्या कुत्र्यांना शेकायला आगटी असावी. कुत्र्यांची देखभाल शिकण्यासाठी सात-एक वर्षांचा मुलगा निवडावा, त्याला सगळ्या कुत्र्यांची नावे आणि रंग पाठ करायला लावावे, आणि रात्री कुत्री भांडू नयेत म्हणून कुणीतरी मुलगा त्यांच्याजवळ झोपावा. इतक्या मायेने तो हे सांगतो की माझ्या घशाशी आवंढा आला. कुत्र्याला थंडी वाजू नये याची काळजी घेणारा हा माणूस आणि अंधाऱ्या खोलीत दहा दिवस उपाशी असलेल्या मुलाकडे सुरी हातात असतानाच गेलेला हा माणूस एकच आहे. तुमच्या कथेत कुत्र्यांचे घर आणि बुरुज ही दोन्ही ठिकाणे समोरासमोर हवीत, असे मला वाटते.

अद्भुत हवेच असेल तर ते रानातून येऊ द्या. फेब्यूसचा सावत्र भाऊ पिएर याने बिस्केच्या जंगलात एक प्रचंड अस्वल मारले आणि त्या रात्रीपासून तो झोपेत उठून तलवार उपसायचा आणि हवेशी झुंजायचा. त्याच्या पत्नीने ते मेलेले अस्वल पाहिले आणि ती मुलांना घेऊन निघून गेली, कारण तिच्या वडिलांनी पूर्वी त्याच अस्वलाचा पाठलाग केला होता आणि ‘मी तुझे काही वाईट केले नसताना तू माझ्या मागे लागला आहेस, तुला वाईट मरण येईल’ असा आवाज त्यांनी ऐकला होता. फेब्यूसही शेवटी अस्वलाच्याच शिकारीहून परतला होता. 1391 च्या 1 ऑगस्टला ओरिओंच्या मुक्कामी जेवणापूर्वी हातांवर थंड पाणी घेताना तो कोसळला. हा सांधा तुम्हाला इतिहासानेच जोडून दिला आहे.

जुनाबाड

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे आणि तो आदरपूर्वक लावतो.

तुम्ही दोघेही फ्रुआसारने सांगितलेले सत्य समजून चालला आहात. मुलगा मेला 1380 मध्ये, फ्रुआसार आला 1388 मध्ये. वाटेत सोबत असलेल्या एस्पां द लिओं या सरदाराला त्याने खोदून खोदून विचारले, पण त्याने ही गोष्ट सांगायचे टाळले. शेवटी ऑर्तेझमधल्या एका वयस्क मानकऱ्याने ती सांगितली. म्हणजे आठ वर्षे जुनी, राजवाड्यात दबक्या आवाजात फिरलेली आणि एका कसलेल्या कथाकाराने लिहून ठेवलेली ही हकिकत आहे. गळ्यातली पिशवी, दोन भावांचे भांडण, मरणारा कुत्रा, नाण्याच्या जाडीचे टोक, हे सगळे कथाकाराच्या हातचे आहे, हे कुणाही लिहिणाऱ्याला दिसेल. फ्रुआसारच्या सांगण्यात मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा आहे. प्रत्यक्षात तो 1362 चा, म्हणजे सतरा उलटून गेलेला आणि लग्न झालेला होता. आन्येसच्या बाबतीतही तसेच. फ्रुआसारच्या म्हणण्याप्रमाणे ती भावाकडे अडकलेले पैसे आणायला गेली आणि नवऱ्याच्या धाकाने परतली नाही. वस्तुतः हुंडा पूर्ण मिळाला नाही म्हणून नुकतेच बाळंतपण झालेल्या त्या स्त्रीला घालवून देण्यात आले होते.

मग फ्रुआसारला जे स्वातंत्र्य आहे ते पानगळ यांना का नसावे? कोयत्यासारखी एक गोष्ट सहाशे वर्षे या माणसाच्या मानेवर लटकते आहे. कादंबरीकाराने ती दुसऱ्या बाजूने सांगितली तर बिघडते कुठे? नाव बदला, परगणा बदला आणि मोकळेपणाने लिहा. अद्भुतकथेत बापाचा हात भुताने हलवणे हे पाप आहे असे मला वाटत नाही.

पानगळ

जुनाबाड, तुमचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

मुलाच्या वयाबद्दल तुम्ही बरोबर आहात. मी त्याला सतरा वर्षांचाच ठेवणार आहे, कारण लग्न झालेला, तरीही आईबापांना एकत्र आणणाऱ्या जादूच्या पुडीवर विश्वास ठेवणारा तरुण मला जास्त कळतो. आन्येसच्या हकालपट्टीचेही तसेच. फ्रुआसारने तिच्या वाट्याला जो न्याय दिला नाही तो मी देईन.

नाव बदलण्याचा मार्ग मात्र मला स्वीकारता येत नाही. त्याने जे केले ते बदलायचे असेल तर नाव बदलायला हवे, आणि नाव ठेवायचे असेल तर त्याने केलेले ठेवायला हवे, इतके सरळ मला वाटते. मला हाच माणूस हवा आहे. 1358 मध्ये प्रशियाच्या मोहिमेवरून परतताना मो शहरात अडकलेल्या युवराज्ञीला आणि तिच्यासोबतच्या स्त्रियांना त्याने बंडखोर शेतकऱ्यांपासून वाचवले, म्हणून त्याची वीरकथा झाली. त्याच दिवशी त्या शेतकऱ्यांची जी कत्तल झाली तिची कथा कुणी केली नाही. मुलाच्या बाबतीतही लोकांना एक मृत्यू आठवतो. पण पूड सापडल्यावर, तुम्हाला माहीत असूनही तुम्ही मला का सांगितले नाही, असे म्हणत फेब्यूसने मुलाच्या सेवेतल्या पंधरा जणांना हाल करून मारले. ती मुले चांगल्या घरातली, देखणी होती असे फ्रुआसार हळहळून लिहितो. भुताने एक हात हलवला असे मी म्हटले, तर त्या पंधरा जणांचे काय करू? तिथेही भूत आणू?

सुरीचा घाव अपघाताने लागला असेल, हे मी मान्य करते. पंधरा जणांची शिक्षा अपघाताने होत नाही. जो माणूस ती देऊ शकला, त्याच्या हातात सुरी होती.

तिन्हीसांज

चर्चा फार उंचीवर चालली आहे. मी भाषेच्या अंगाने दोन गोष्टी मांडते, कारण मराठीत हे लिहिताना शब्दांमुळेच आशय बदलेल असे वाटते.

‘काउंट’ला काउंटच म्हणावे. सरदार, जहागीरदार, वतनदार या शब्दांमागे आपल्याकडे सनद देणारा कुणीतरी वरचा असतो, आणि या माणसाचे सारे राजकारणच मुळी वर कुणी नाही या दाव्यावर उभे आहे. कोरासच्या रेमोंला जहागीरदार म्हटलेले चालेल, ते तुम्ही म्हटलेच आहे, आणि त्यामुळे दोघांतला फरकही वाचकाला आपोआप कळेल.

दुसरे म्हणजे ओर्तोंला वेताळ किंवा मुंजा म्हणण्याचा मोह टाळावा. वेताळाला स्मशान आहे, मुंजाला पिंपळ आहे, त्यांच्या येण्याला आपल्या मनात ठरलेली कारणे आहेत. ओर्तोंची गंमत अशी की त्याला काहीच नको आहे. तो सूड घ्यायला येतो आणि मायेने राहतो. बातम्या सांगतो आणि मोबदला मागत नाही. रेमोंने त्याला पाहण्याचा हट्ट धरला तेव्हा तो आधी जमिनीवर गरगर फिरणाऱ्या दोन काड्या झाला आणि मग अंगणात आलेली एक लांबलचक, हाडे निघालेली डुकरीण झाला. रेमोंला ते कळले नाही, त्याने तिच्यावर कुत्री सोडली. ओर्तों पुन्हा आला नाही आणि रेमों वर्षभरात वारला.

तुम्ही ओर्तोंला हात दिलात, तिथे चूक झाली असे मला वाटते. त्याला हात नाहीत. तो भांडी फोडतो, उशी ओढतो, पण त्याचे खरे काम एकच आहे, सांगणे. त्याला तेच करू द्या.

गारोनकाठ

मी तुलूझला राहतो. ऑर्तेझ इथून बायोनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे, आणि हा धागा वाचून गेल्या शनिवारी मी पुन्हा तिथे जाऊन आलो. नदीवरचा जुना पूल, त्याच्या मधोमध उभा असलेला बुरुज, आणि गावाच्या वरच्या अंगाला मोंकादचा पंचकोनी मनोरा. किल्ल्याचा बाकीचा भाग फारसा उरलेला नाही, त्यामुळे मनोरा गावाच्या डोक्यावर एकटाच उभा दिसतो.

एक गोष्ट तिथे उभे राहिल्यावर जाणवली ती लिहितो. वाचताना बुरुज म्हटला की आपण मनातल्या मनात तो लांब नेऊन ठेवतो. प्रत्यक्षात सगळे एका टेकाडावर, एका आवारात होते. फ्रुआसारने वर्णन केलेले ते मेज आणि मुलाला कोंडलेली खोली यांत फार तर एका अंगणाचे आणि काही पायऱ्यांचे अंतर असेल. त्या दहा रात्री बारा मशाली पेटत होत्या का, कुणी काही वाचून दाखवत होते का, हाच विचार करीत मी संध्याकाळची गाडी येईपर्यंत पुलावर बसून राहिलो.

रानवाट

गारोनकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. आणखी एक जोडतो. चुगली करणारा इवें बापाच्या मृत्यूच्या वेळी जवळच होता आणि बाप गेल्याबरोबर तो घोड्यावर टाच मारून खजिना ताब्यात घेण्यासाठी ऑर्तेझला धावला. दीड वर्षाने, 1393 च्या जानेवारीत, पॅरिसला राजाच्या नाचात रानटी माणसांची सोंगे घेतलेल्यांच्या अंगावरच्या तागाने आणि डांबराने पेट घेतला, त्यात तो भाजून मेला. पानगळ, तुमच्या पुढच्या भागासाठी.

पानगळ

सर्वांचे मनापासून आभार. तिन्हीसांज यांचे ‘त्याला हात नाहीत’ हे वाक्य आणि गारोनकाठ यांचे ते अंगण, या दोन गोष्टींनी माझी गाठ सुटली. फ्रुआसारच्या हकिकतीत ताटांची बातमी एक सेवक आणतो. ती बातमी मी ओर्तोंकडे दिली आहे, आणि कथेपुरता त्याला रेमोंऐवजी थेट फेब्यूसकडे येऊ दिले आहे. त्यामुळे बापाला जास्त कळते आणि त्याची सुटका अधिक अवघड होते. जुनाबाड यांना हे पटेल की नाही ते माहीत नाही, त्यांनी अवश्य सांगावे. नवा उतारा इथे देते.

*उशी ओढली गेली तेव्हा काउंट जागाच होता.*

*‘कुठून आलास?’*

*‘प्रागहून. तिथे बर्फ पडतो आहे. नदीवर माणसे चालत आहेत.’*

*‘आणि?’*

*‘लंडनला एक जहाज आले, त्यात मिरी आहे. पॅरिसच्या नव्या राजाला दात दुखतो म्हणून झोप नाही.’*

*काउंटने अंधारात हात पुढे करून उशाजवळची लहान सुरी चाचपली आणि अंगठ्याच्या नखाखालची माती काढू लागला. ही त्याची जुनी सवय होती. पलीकडे कुत्र्यांच्या घरात कुणीतरी झोपेत एका कुत्र्याचे नाव घेतले आणि ते कुत्रे गप्प झाले.*

*‘याहून जवळची बातमी नाही?’*

*भूत बराच वेळ बोलले नाही. मग ते म्हणाले, ‘तू विचारलेस म्हणून सांगतो. दहा ताटे आहेत. पहिल्यावरचे मांस काळे पडले आहे. नवव्यावरची भाकर उंदराने खाल्ली. दहावे अजून कोमट आहे, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला आहे. त्याने मघाशी तुझे नाव घेतले.’*

*‘कसे घेतले?’*

*‘हाक मारल्यासारखे.’*

*काउंट उठला. अंगण ओलांडायला त्याला फार वेळ लागला नाही. सुरी ठेवून यायचे त्याला सुचले नाही, आणि भुताने ते सुचवले नाही, कारण बातमी सांगण्यापलीकडे त्याचे काही काम नव्हते.*